पडद्यावरची वेलांटी

महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्यांनी ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ची प्रात्यक्षिकं केली, त्यांच्यातल्या एका मोठ्या पिढीला टर्बो सीचा निळा पडदा आठवत असेल. ‘ग्राफिक्स डॉट एच’ ही हेडर फाइल जोडायची, ‘इनिटग्राफ’ला बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यायचा, त्या पत्त्यातल्या तिरप्या रेघा दोन-दोनदा लिहायच्या, की 640 बाय 480 ठिपक्यांचा, 16 रंगांचा काळा पडदा आपल्या ताब्यात यायचा. मग डीडीएची रेघ, ब्रेसनहॅमची रेघ, मध्यबिंदूच्या पद्धतीनं वर्तुळ, आणि शेवटी झोपडी, डोंगरामागचा सूर्य नाहीतर डावीकडून उजवीकडे धावणारी मोटार. जर्नल पुरं व्हायचं. पडद्यावर काही लिहायचं असेल तर ‘आउटटेक्स्टएक्सवाय’ होतं. ट्रिप्लेक्स, गॉथिक असे फॉन्टही होते, सगळे रोमन. या पडद्यावर मराठी कसं लिहायचं, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता, तोंडी परीक्षेत कुणी विचारत नव्हतं आणि आमच्याही मनात कधी आला नाही.

आज मी तंत्रनिकेतनात तोच विषय शिकवते. वर्गात आम्ही एसडीएल वापरतो. सॅम लँटिंगा यांनी 1998 मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी. तिची दुसरी पिढी 2013 मध्ये आली, तिसऱ्या पिढीची पहिली स्थिर आवृत्ती जानेवारी 2025 मध्ये. विंडो, कीबोर्ड, माउस, आवाज, चित्र अशी खेळाला लागणारी सगळी सामग्री ती विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड यांच्यावर एकाच कोडमधून मिळवून देते. सी भाषेतली आहे, मोकळ्या परवान्याची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

वर्गाबाहेर मी तिच्यावर एक शब्दजुळणीचा खेळ लिहीत होते. तिसरी-चौथीतल्या, वाचताना अजून अडखळणाऱ्या मुलांसाठी. अक्षरांच्या फरश्या पडद्यावर विखुरलेल्या, मुलानं त्या ओढून शब्द जुळवायचा. खेळ जायचा होता जिल्हा परिषदेच्या शाळांत, देणगीत आलेल्या जुन्या संगणकांवर. तिथे इंटरनेटचा भरवसा नाही, मेमरी तुटपुंजी, म्हणून ब्राउझरचा विचार सोडून दिला आणि सरळ सी आणि एसडीएल घेतलं. त्या निवडीबद्दल आजही माझं मत बदललेलं नाही.

विंडो उघडणं हा यातला सगळ्यांत सोपा भाग. लायब्ररी सुरू करायची, विंडोला नाव, रुंदी आणि उंची द्यायची, तिच्यावर रेंडरर बसवायचा. पुढे एक न थांबणारं आवर्तन असतं. काय काय घडलं ते विचारायचं, पडदा पुसायचा, सगळं नव्यानं काढायचं आणि काढून झालेलं एकदम समोर आणायचं. चित्र मागच्या पडद्यावर रंगतं आणि पूर्ण झाल्यावरच पुढे येतं, म्हणून ते लुकलुकत नाही. सेकंदाला 60 वेळा हे करायचं म्हटलं तर एका फेरीला सतरा मिलिसेकंदही मिळत नाहीत. विद्यार्थी दोन ठिकाणी हमखास अडतात. एक म्हणजे वाय अक्ष. आलेख कागदावर तो वर चढतो, इथे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उतरतो. दुसरं म्हणजे घटना विचारण्याची पायरी. ती गाळली की विंडो उघडते खरी, पण थोड्याच वेळात विंडोज तिच्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’चा शिक्का मारते. शाळांतले मॉनिटर नाना आकारांचे, काही जुने 1024 बाय 768 चे, काही लॅपटॉप 1366 बाय 768 चे. त्यासाठी लॉजिकल आकार ठरवून देण्याची सोय आहे. आपण एकाच मापात काढायचं, ताणणं-आकसणं रेंडरर बघतो. इथवर दोन संध्याकाळी फार झाल्या.

खरं काम फॉन्टपासून सुरू झालं.

एसडीएलच्या मूळ लायब्ररीत फॉन्टची फाइल वाचण्याची सोय नाही. ती जोडीच्या टीटीएफ लायब्ररीत आहे. फॉन्टची फाइल उघडायची, आकार सांगायचा, मजकूर आणि रंग द्यायचा. ती मजकुराचं चित्र करून देते, त्याचं टेक्स्चर करायचं आणि हव्या त्या जागी चिकटवायचं. इंग्रजी शब्द दिला की काम फत्ते. मी पहिला शब्द दिला ‘किरण’, कारण खेळाच्या यादीत तो सगळ्यांत वर होता.

शेजारचे काका त्या दिवशी चहाला आले होते. पुण्यातल्या एका छापखान्यात त्यांनी उभं आयुष्य जुळारी म्हणून काढलं. खिळे जुळवणं बंद पडल्यावर ते निवृत्त झाले, पण अक्षरावरची नजर तशीच राहिली. माझ्या खांद्यामागून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

“अगं, हे ‘करिण’ काय लिहिलंयस?”

“काका, ते ‘किरण’ आहे.”

“मग वेलांटी ‘र’ला कशाला लावलीस?”

त्यांचं बरोबर होतं. पडद्यावर आधी ‘क’, मग ऱ्हस्व वेलांटीचा दंड, आणि त्याची कमान पुढच्या ‘र’वर झुकलेली. यादीत पुढे ‘सूर्य’ होता. त्याचा रफार उडून ‘र’चा पाय मोडलेला दिसत होता आणि ‘य’ वेगळा उभा. ‘क्ष’ची तीच गत, ‘क’ला हलन्त आणि शेजारी ‘ष’.

“आम्ही स्टिकमध्ये आधी वेलांटी बसवायचो, मग ‘क’,” काका म्हणाले. “तुझ्या मशीनला हे कुणी शिकवलेलं दिसत नाही.”

संगणकात मराठी उच्चाराच्या क्रमानं साठवतात. आधी ‘क’, मग वेलांटी, कारण आपण तसंच बोलतो. ही पद्धत आयएससीआयआय या भारतीय संकेतप्रणालीची. युनिकोडनं 1991 मध्ये देवनागरी घेतली ती तिच्यावरच बेतून. साठवायला, शोधायला, अकारविल्हे लावायला हाच क्रम योग्य आहे. पण डोळ्यांना लागणारा क्रम वेगळा असतो. वेलांटी मागे न्यायची, ‘र’चा रफार करून तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, ‘क’, हलन्त, ‘ष’ या तिघांच्या जागी एक ‘क्ष’ ठेवायचा. साठवण आणि चित्र यांच्या मधे हे काम कुणीतरी करावंच लागतं. त्याला शेपिंग म्हणतात. टीटीएफ लायब्ररीच्या पोटात दोन कारागीर आहेत. फ्रीटाइप हा खिळे ओतणारा, फॉन्टमधल्या बाह्यरेषेवरून एकेका आकाराचं चित्र करून देतो. हार्फबझ हा जुळारी, कोणता आकार कुठे, कुणाच्या आधी, किती अंतरावर, हे ठरवतो. माझ्या हाती आलेली तयार फाइल हार्फबझ वगळून बांधलेली होती. छापखाना होता, खिळे होते, जुळारी नव्हता. काकांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “मग आण की एक.”

आणला. टीटीएफची लायब्ररी हार्फबझचा पर्याय चालू ठेवून स्वतः बांधली, लिपी देवनागरी आहे आणि दिशा डावीकडून उजवीकडे आहे हे सांगितलं, आणि ‘किरण’, ‘सूर्य’, ‘क्षमा’ तिन्ही शब्द जागच्या जागी बसले. कोडमध्ये बदलल्या त्या मोजक्या ओळी. त्या ओळी नसत्या, तर मुलांनी संगणकावर ‘करिण’ वाचलं असतं, आणि आधीच अडखळणाऱ्या मुलाला आपलंच चुकतंय असं वाटलं असतं. मला हे फार गंभीर वाटतं.

माझ्या एका विद्यार्थ्यानं वेगळी वाट सुचवली होती. “मॅडम, जुना युनिकोडच्या आधीचा फॉन्ट घेऊ. त्यात वेलांटी आधीच टंकतात, काही जोडायची गरजच नाही.” ते खरं आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकारांचे तुकडे भरलेले असतात आणि कुठलीही लायब्ररी ते सरळ ओळीनं काढून दाखवते. वर्षानुवर्षं मराठी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं त्यांच्यावरच निघाली. पण तसा मजकूर कागदापुरता मराठी असतो. प्रोग्रॅमला त्यातून ‘कि’ हे एक अक्षर आहे, हे कळणार नाही. शब्द शोधता येणार नाही, क्रम लावता येणार नाही, उद्या आवाजात वाचून दाखवायचं म्हटलं तर सगळं पुन्हा टंकावं लागेल. मी नाही म्हटलं.

आमच्या खेळात तर प्रश्न नेमका हाच होता की अक्षर म्हणजे किती. ‘राष्ट्रीय’ घ्या. सी भाषेतल्या ‘स्ट्रलेन’ला विचारलं तर ती 27 सांगते, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. युनिकोडची चिन्हं मोजली तर 9. अक्षरगट पाडण्याच्या युनिकोडच्या जुन्या नियमानं 5 तुकडे होतात: रा, ष्, ट्, री, य. आणि मराठी शाळेतलं कुठलंही मूल सांगेल, 3: रा, ष्ट्री, य. मुलाचं उत्तर बरोबर आहे. युनिकोडनं देवनागरीसह काही भारतीय लिपींसाठी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम या गणनेत घातला तो 15.1 या आवृत्तीत, 2023 मध्ये. म्हणजे जुनं साधन वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘ष्’ची एक फरशी, ‘ट्’ची दुसरी आणि ‘री’ची तिसरी पडणार. मी हलन्तानंतर व्यंजन आलं तर तोडायचं नाही, असा नियम स्वतः लिहिला. लहानसा आहे, पण सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे. एकेक अक्षर उमटत जाण्याचा परिणाम हवा असेल तरी हाच नियम लागतो. नाहीतर ‘स्त्री’ उमटताना आधी ‘स’, मग ‘स्’, मग ‘स्त’ असे सहा निराळे आकार डोळ्यांसमोरून जातात.

खेळ लिहिणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. इंग्रजीची छापता येण्याजोगी 95 चिन्हं एकाच मोठ्या टेक्स्चरवर आधीच काढून ठेवायची आणि लागेल तसा त्यातला तुकडा उचलायचा. पाठ्यपुस्तकांत, शिकवण्यांत ती जशीच्या तशी सांगतात. मराठीला ती चालत नाही, कारण साठवलेलं चिन्ह आणि दिसणारा आकार यांचं एकास एक नातं नाही. एका बऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार असतात. मी पूर्ण शब्दाचं चित्र एकदाच करून ठेवलं आणि तेच पुन्हा पुन्हा वापरलं. प्रत्येक फेरीत नवं करत बसलं तर त्या जुन्या संगणकांना धाप लागते.

फरश्या जोडून शब्द पूर्ण झाला, की मी सुरुवातीला तेच तुकडे शेजारी शेजारी ठेवत होते. काकांनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याला नाक लावलं.

“शिरोरेघ तुटलीय इथं. ‘रा’ आणि ‘ष्ट्री’च्या मधे.”

मला दिसेना. पडदा चौपट मोठा केला तेव्हा दिसलं, दोन आकारांच्या मधे एका ठिपक्याची फट. प्रत्येक तुकड्याची रुंदी पूर्णांकात धरली जाते आणि उरलेला अपूर्णांक कुठेतरी फट पाडतो किंवा एकावर एक चढवतो. चढला आणि रंग अर्धपारदर्शक असला, तर सांध्यावर रेघ गडद दिसते. रोमन अक्षरं एकमेकांपासून सुटीच असतात, तिथे एका ठिपक्याचा फरक कुणाच्या ध्यानात येत नाही. आपली अक्षरं एका रेघेला लटकतात, तिथे तो लगेच दिसतो. उपाय असा केला की शब्द जुळला की फरश्या काढून टाकायच्या आणि पूर्ण शब्द हार्फबझकडून नव्यानं, एका दमात काढून घ्यायचा. हिंटिंग, म्हणजे आकाराच्या कडा ठिपक्यांच्या जाळीवर ओढून बसवणं, तेही हलकं केलं. काकांनी पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. त्यांच्या छापखान्यात डिग्री पद्धतीचे खिळे होते, वरच्या आणि खालच्या मात्रा वेगळ्या जुळवायच्या. मुद्रित तपासणारा मधली फट पाहूनच गॅली परत पाठवायचा, असं त्यांनी सांगितलं. हीच कसोटी पडद्यालाही लावायला हवी, असं मला वाटतं.

उंचीचं असंच. दोन ओळींमधलं अंतर मी आधी इंग्रजीच्या सवयीनं ठेवलं होतं. मग ‘मूर्तींना’ हा शब्द घेतला. त्यात ‘ती’वर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघंही बसतात. वरच्या ओळीत ‘शत्रू’ किंवा ‘वृद्धी’ आला की त्याचे पाय खालच्या ओळीच्या डोक्याला लागतात. फॉन्ट स्वतःच ओळीचं अंतर सांगतो, तेच मानावं आणि फरशीत वरखाली मोकळी जागा ठेवावी.

‘र’बद्दल थोडं अधिक लिहिते, कारण त्याच्या दोन रूपांतल्या फरकानं मराठीत अर्थ बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावलं आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं यांत घरात येणारी माणसं वेगळी. हिंदीला या दुसऱ्या ‘र’ची गरज पडत नाही, त्यामुळे देवनागरी चालते असं सांगणारं सॉफ्टवेअर मराठीला चालेलच असं नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन हलन्त जोडतात. फॉन्टमध्ये तो आकार नसला किंवा शेपिंग झालं नाही, तर टिंब आणि हलन्त उघडे पडतात. मी फॉन्ट निवडताना पहिला शब्द हाच टाकते.

खेळाची पहिली आवृत्ती घेऊन एका जिल्हा परिषद शाळेत गेले. मुलं तीन-तीनच्या गटात एका संगणकाला चिकटली. ‘शाळा’ हा शब्द जुळवताना एक मुलगी थांबली.

“बाई, हा ‘श’ आमच्या पुस्तकातला नाहीये. आधीच्या शब्दातला ‘ल’पण नाही.”

बालभारतीच्या पुस्तकात असतो तो देठाचा ‘श’ आणि पाकळ्यांचा ‘ल’. पडद्यावर होती ती हिंदीत रूढ असलेली रूपं. महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर 2022 मध्ये वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला, त्यातही देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ यांचाच आग्रह आहे. मी घेतलेल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं होती. भाषा मराठी आहे असं सांगितलं की हार्फबझ फॉन्टमधलं मराठी रूप उचलतो. लिपी सांगितली होती, भाषाही सांगावी लागते. टीटीएफच्या तिसऱ्या पिढीत फॉन्टला भाषा सांगण्याची थेट सोय आहे, त्यासाठी मी सगळा खेळ तिच्यावर नेला. काम वाढलं, पण पुढच्या वेळी त्या मुलीनं काही न बोलता शब्द जुळवला आणि पुढच्या पडद्यावर गेली.

फॉन्टमध्ये ही रूपं आहेत, कारण कुणीतरी ती बसून काढली. प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ विंडोज 2000 बरोबर आला आणि असंख्य लोकांनी संगणकावर पहिलं युनिकोड मराठी त्याच अक्षरांत वाचलं. मुंबईच्या ‘एक टाइप’नं ‘मुक्ता’सारखे फॉन्ट मोकळ्या परवान्यावर दिले. हार्फबझ आणि फ्रीटाइपही मोकळेच आहेत. सामग्री सगळी तयार आहे आणि कुणालाही फुकट मिळते. अडतं ते एवढ्यावरच की बांधताना तो पर्याय कुणी चालू करत नाही आणि वर्गात कुणी मराठी शब्द देऊन पाहत नाही.

आमच्या तंत्रनिकेतनात आता पहिल्या प्रात्यक्षिकात विंडो उघडून त्यात आपलं नाव देवनागरीत लिहायला सांगते. वर्गात कुणी प्रियांका असते, कुणी ज्ञानेश्वर, कुणी सिद्धार्थ. शेपिंग म्हणजे काय हे मग फळ्यावर वेगळं शिकवावं लागत नाही. आपलं नाव मोडलेलं दिसलं की मुलं ते दुरुस्त होईपर्यंत उठत नाहीत.

हा विषय शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की हे प्रात्यक्षिक आपल्या जर्नलमध्ये घाला. आणि मराठी मुलांसाठी काहीही लिहिणाऱ्यांना सांगणं एवढंच: किरण, सूर्य, दऱ्या, राष्ट्रीय, मूर्तींना, शत्रू, शाळा, लिंबू हे आठ शब्द आपल्या विंडोत लिहून पाहा. आठही नीट दिसले, तरच प्रोग्रॅम शाळेत न्या.